सुतारकाकांच्या अंगठ्यातली बोंब

मी एक जुन्या घराण्यातला रेणू आहे. आडनाव प्रोस्टाग्लँडिन. जीभ वळत नसेल तर राहू द्या. मित्रांनो, तुम्ही मला ठणका, कळ, कटकट असल्याच नावांनी ओळखता. तुमच्यावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म सुतारकाकांच्या डाव्या अंगठ्यात झाला. एका शाळेच्या बारा दारांचं काम त्यांच्या अंगावर होतं. बिजागरीसाठी खाच पाडताना पटाशी सटकली आणि अंगठ्याच्या पेरात घुसली. दुखावलेल्या पेशींच्या चरबीतून आम्ही तिथल्या तिथे घडलो. आमचं एकेकाचं आयुष्य काही मिनिटांचं, पण एक विझला की दुसरा तयार, म्हणून सगळ्यांना मिळून मी 'मी'च म्हणतो. माझा चुलतभाऊ हिस्टामिन माझ्याआधीच पोचला होता. त्याने बारीक रक्तवाहिन्या सैल केल्या, म्हणून बोट लाल होऊन सुजलं. त्या वाटेने पांढऱ्या पेशी आल्या आणि जंतूंवर तुटून पडल्या. माझं काम मज्जातंतूंना गदागदा हलवण्याचं. बोंब मारा रे, इथे घात झालाय!

आणि काकांनी काय करावं? लाकडाला भेग पडली की ते भुसा सरसात कालवून भरतात, वाळला की घासतात, वरून पॉलिश. चाळीस वर्षं हेच केलं. जखम धुणं राहिलं बाजूला, हा शहाणा माणूस तोच लगदा अंगठ्यात दाबून मोकळा! अहो, अंगठा म्हणजे काय फळी आहे? जंतू आत, पू आत, आणि तोंडाला सरसाचं बूच. अंगठा टम्म फुगला. मी जीव तोडून ओरडलो, तर काकांनी वेदनाशामक गोळी घेतली. ती गोळी मला मारत नाही, माझा कारखानाच बंद पाडते. दिवसाला दोन झाल्या, मग चार.

काकू शेजारीच दारांना पॉलिश करायच्या. डॉक्टरांकडे चला, असं त्यांनी दोनदा सांगून पाहिलं. दुखतच नाही तर दाखवू काय, म्हणत काका पुन्हा रंधा मारू लागले. खरं सांगायचं तर सूज आमचीच होती आणि आत कोंडलेल्या त्या सुजेनेच अंगठ्याच्या शेंड्याचं रक्त अडवलं. ते पाप माझ्याही माथी आहे. आमच्यातले काही तर काकूंच्या गुडघ्यात वर्षानुवर्षं उगीच कोकलत बसलेत. डॉक्टरांना विचारून त्यांना खुशाल गप्प करा, माझी ना नाही.

पाचव्या दिवशी नखाखाली काळं दिसलं. काकूंनी हातातला पॉलिशचा बोळा टाकला आणि नवऱ्याचं मनगट धरून दवाखाना गाठला. गोळीचा अंमल उतरत आला होता. डॉक्टरीणबाईंनी सरसाची खपली सोडवली, तर आतून पू आणि भुसा निघाला. मग त्यांनी शेंडा दाबला.

"दुखतंय?"

"अजिबात नाही," काका खुशीत म्हणाले आणि काकूंकडे वळले. "बघ, मी म्हणत नव्हतो?"

बाई हसल्या नाहीत. पेराच्या खाली सरकून त्यांनी पुन्हा दाबलं. मी होतं नव्हतं ते बळ लावून ओरडलो. काका खुर्चीतून उडाले, डोळ्यांत पाणी आलं.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "शेंडा गेलाय. पण इथून खाली जिवंत आहे. पटाशी धरण्यापुरता अंगठा वाचेल."



माझ्या ओरडण्याला बरं म्हणणारं माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं. मित्रांनो, तुम्हीही कधी कापून घ्याल, ठेचकाळाल. मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण आधी जखम धुवा आणि घरात कुणाला तरी दाखवा. मी ओरडतोय तोवर तिथे वाचवण्यासारखं काहीतरी आहे. मी गप्प झालो म्हणून खूश होऊ नका. सुतारकाका झाले होते.