शिवी आणि आण

चौसाळ्याच्या क्रिकेट संघात हरिओम हा एकटाच पारधी समाजाचा तरुण होता, आणि त्याच्या तोडीचा कीपर पंचक्रोशीत दुसरा नव्हता. तथापि मैदानात कोणी लबाडी केली की मुले सहजगत्या म्हणत, "पारध्यावानी करू नको बे!" दोन वर्षे हरिओमही त्या हशात सामील झाला. घरी गेल्यावर मात्र त्याला घास गोड लागत नसे.

अखेर गेल्या महिन्यात त्याने कर्णधार विजयसिंहाला निक्षून सांगितले, "ही शिवी बंद, न्हाईतर मी बंद." विजयसिंहाचा नाइलाज झाला. नियम ठरला : जो ही शिवी देईल, तो तत्काळ मैदानाबाहेर, तेलगावच्या सामन्यालाही त्याला घ्यायचे नाही.

सामना दोन दिवसांवर आला असता सरावात बंकटच्या बॅटची कड घेऊन चेंडू हरिओमच्या हातमोज्यांत विसावला. आवाज त्याने स्वकर्णांनी ऐकला. बंकट जागचा हलेना.

"लागलाच न्हाई!"

"घे आईची आण."

"घेतली. आईची आण, न्हाई लागला!" बंकट दात काढून म्हणाला.

हरिओमच्या घरी आण म्हणजे पोरखेळ नव्हता. खोटी आण घेतलेल्या सख्ख्या भावाशी त्याची आई दगडाबाई अकरा वर्षे बोलली नव्हती. हरिओमचे मस्तक भणाणले.

"पारध्यावानी खोटं बोलतो का बे!" तो ओरडला.

आईच्या बोलीत शिव्यांचा काय दुष्काळ होता? दगडाबाई एका दमात वीस देत असे. मग ऐन संतापात आपल्या जिभेवर नेमकी हीच का यावी? आपल्या तोंडाची त्याला शिसारी आली.

बंकट पोट धरून हसू लागला. विजयसिंह समजावणीच्या सुरात म्हणाला, "जाऊ दे बे. तुमचाच शब्द हाय, तुला माफ."

"मला कावून माफ? मी चाललो भाईर."

"अन् तेलगावला कीपर कोण?"

हरिओमने हातमोजे काढून जमिनीवर ठेवले. तो दहा पावले गेला नसेल, तोच पाठीमागून बंकट म्हणाला, "लई मनाला लावून घेतंय बे पारधडं!"

हरिओम थबकला. विजयसिंहाने नजर चुकवली आणि टाळी वाजवली, "चला, खेळा खेळा!"

हरिओम माघारी आला आणि स्टंपांपुढे खांबासारखा उभा राहिला. गोलंदाज चेंडू हातात धरून ताटकळला.

"बाजूला हो की बे," विजयसिंह वैतागला.

"बंकट, ठेव बॅट," हरिओम म्हणाला. "दोघं संगंच जाऊ."