रिकामा रकाना

"कीथ, यादीत रोज अकराच नावं? त्रेचाळीस डिग्रीत गावातली म्हातारी माणसं जवान झाली की काय?" लोरेन फोनवर करवादली.

"अटी लावल्यात तशी यादी येते, बाई. मी काय नावं खातो?"

"नोव्हेंबरात घरोघर जाऊन अर्ज मी भरून घेतलेत. मला शिकवू नकोस, बघ जरा."

कीथ नॅनकर्विसनं कुरकुरत लॅपटॉप उघडला. मूंटा गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना इथल्या डिसेंबर ते फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात रोज फोन करून विचारपूस करायची, असं लोरेनच्या स्वयंसेवक मंडळींनी ठरवलं होतं. त्यासाठीचं मोबाइल ॲप कीथनं फुकटात लिहून दिलं. बायको गेल्यापासून त्याच्याकडे वेळच वेळ होता. अटी तीन: वय सत्तरच्या वर, घरात एकटं माणूस, आणि शेवटचा फोन आजच्या आधीचा. तिन्ही जुळल्या तरच नाव यादीत यायचं. या तीन ओळींचा त्याला फार अभिमान होता, पण त्या दाखवायला घरात कुणी नव्हतं.

त्यानं तिसरी अट काढून पाहिली. अकराची अठरा नावं झाली. वाढलेल्या सातांच्या 'शेवटचा फोन' या रकान्यात तारीखच नव्हती, कारण त्यांना कधी कुणी फोन केलाच नव्हता; बाकी अकरांना ॲपच्या आधीपासूनच फोन जात होते. रिकाम्या रकान्याला 'आजच्या आधीचा का?' असं विचारलं, तर यंत्र 'हो' म्हणत नाही. नाव गाळून मोकळं होतं. ज्यांची कुणी कधीच चौकशी केली नाही, नेमकी तीच माणसं त्यानं वगळली होती.

त्यानं सातही जणांना फोन लावले. सहा जणांनी उचलले. आयव्ही रॉडा, वय एक्याऐंशी, उचलेनात. तीनदा लावून पाहिला आणि मग कीथनं गाडी काढली. वाटेत त्यानं देवालाही हाक मारली, जी एरवी तो मारत नसे.

"मिसेस रॉडा! मिसेस रॉडा!" त्यानं जाळीचं दार बडवलं.

"ओरडू नकोस रे, कोंबड्या बिचकतात," परसातून आवाज आला. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन आयव्हीबाई कोंबड्यांवर पाणी शिंपडत होत्या.

"फोन का नाही उचललात?"

"आत्ता कुठं दोन वाजलेत? तुमच्या अर्जाच्या कागदावर फोनची वेळ दोन लिहिलीय. नोव्हेंबरपासून दोनच्या सुमाराला मी घर सोडलेलं नाही."

कीथला त्यांच्याकडे बघवेना. "चूक माझी आहे. तुमचं नाव माझ्यामुळे गळलं."

"असू दे. मला वाटलं, माझ्याहून अडलेली असतील कुणी."

तो बाहेर येऊन रस्त्यापलीकडे गाडीत बसला. काचा खाली, पाठ घामानं चिंब. दोनला त्यानं नंबर लावला.

जाळीच्या दारातून घंटी ऐकू आली. आत फोनपाशी बसलेल्या आयव्हीबाई खुर्चीतून उठताना त्याला दिसल्या. त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढला, दोन्ही हातांनी केस सारखे केले, आणि मगच रिसीव्हर उचलला.