चावीला घातलेलं कुलूप

"काकू, शब्द सांगा, मी टाकतो," पियूष रत्नमालाला म्हणाला.

सांगायचा तरी कोणता? चार वर्षांत एकच शब्द दोनदा लागू पडला नव्हता, आणि ही गोष्ट तिने कुणा जिवंत माणसाला सांगितली नव्हती.

वाशिमकडच्या शिरपूरच्या धर्मशाळेतल्या खोल्या वेबसाइटवरून राखून ठेवता येत, आणि वेबसाइटचं मशीन जिन्याखालच्या खोलीत होतं. "यात्रेकरूंची नावं, आधार नंबर परक्याच्या मशीनवर कायले ठेवाचे?" असं धर्मशाळा चालवणाऱ्या हुकूमचंद शेठजींचं म्हणणं. म्हणून रत्नमालाच्या नवऱ्याने, देवानंदने, पुस्तकं वाचून वाचून सगळं इथेच उभं केलं होतं. लोकांनी भरलेली माहिती वाटेत कुणी वाचू नये म्हणून एक सर्टिफिकेट लागतं, आणि त्या सर्टिफिकेटची एक गुप्त चावी असते. चावी म्हणजे मशीनमधली एक फाइल, बस. पण देवानंद महासंशयी माणूस! त्याने त्या चावीलाही कुलूप घातलं. मशीन सुरू झालं की शब्द विचारणार, शब्द बरोबर असला तरच चावी उघडणार. आणि तो शब्द कुणाला न सांगताच तो एका दुपारी मालेगाव रस्त्यावर ट्रकखाली गेला.

शेठजींनी त्याची जागा रत्नमालाला दिली. "त्याच्या वह्या पाहून शिकून घे बाई. तू आहे तं मी निर्धास्त हावो," एवढंच बोलले. दुसऱ्याच आठवड्यात लाइट गेली, आली, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ उमटली: पौर्णिमा शाळेत गेली का?

पौर्णिमा त्यांची मुलगी. रत्नमाला हमसून हमसून रडली आणि तिने उत्तर टाकलं: नाही, घरी रडून राह्यली. चावी उघडली.

तिला वाटलं, नवऱ्याने प्रश्नांची यादीच भरून ठेवली असेल. होताच तसा तो, कामावर असला तरी अर्धा जीव घरात. शिरपुरात लाइट जायला मुहूर्त लागत नाही. दर वेळी ती उठून धावत जायची, आणि दर वेळी नवा प्रश्न असायचा. टाकी भरली का? दार नीट लागते का? एकदा विचारलं, बीपीची गोळी घेतली का? तिने ठोकून दिलं, घेतली. चावी उघडेना. तीनदा टाकलं, तरी उघडेना. शेवटी घरी जाऊन गोळी गिळून आली, तेव्हा कुठे उघडली. "मेल्यावर बी पिच्छा सोडत नाही हा मानूस," असं म्हणत ती त्या दिवशी एकटीच हसत बसली होती.

पण मागच्या मे महिन्यात पडद्यावर आलं: माय दवाखान्यातून आली का? माय म्हणजे देवानंदची आई, हिरीबाई. तिला त्याच सकाळी वाशिमला नेलं होतं. शेजाऱ्यांनाही अजून ठाऊक नव्हतं. बाहेर डांबर पातळ झालं होतं आणि जिन्याखाली रत्नमालाचे दात वाजत होते. हे यादीतलं नव्हतं. भीती वाटली, फार वाटली. तरी पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा ती पहिल्यापेक्षा जोरात धावली.

आणि आज शेठजींचा नातू पियूष पुण्याहून नवं मॉड्यूल, म्हणजे वेबसाइट चालवणारा नवा प्रोग्राम, घेऊन आला होता. जुनं आता चालणार नाही, सुरक्षित राहिलं नाही म्हणे. नवं मॉड्यूल शब्द-बिब्द विचारणारं नव्हतं, त्याला बिनकुलपाची चावी हवी होती.

"नवी चावी करून टाकली असती," पियूष म्हणाला, "पण तुम्ही नव्या सर्टिफिकेटची मागणी जुन्याच चावीवर पाठवली ना काकू. आता ते तिलाच बसणार. दुसरं मागवायचं तर दोन दिवस जातील, आणि जयंतीची यात्रा परवा. जुनं सर्टिफिकेट आज संध्याकाळी साडेपाचला संपतंय. मग लोकांना लाल पाटी दिसेल, ही जागा धोक्याची आहे म्हणून. कोण खोली घेईल?"

"मंग?"

"एकदा शब्द टाकायचा, कुलूप काढायचं, चावी तशीच उघडी ठेवायची. झालं. पुन्हा कधी विचारणार नाही."

पुन्हा कधी विचारणार नाही. रत्नमालाने ते मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

पियूषने तिच्यासमोर एकदा करून पाहिलं. पडद्यावर कोरडी इंग्रजी ओळ आली, शब्द टाका, एवढीच. त्याने देवानंदची जन्मतारीख टाकली, पौर्णिमाचं नाव टाकलं. काही उपयोग झाला नाही.

"तू वर जाऊन चहा घे बाबू," ती म्हणाली. "मी करते. माह्यासमोर कोनी असलं का मले सुचत नाही."

तो गेला. तिने दार ओढून घेतलं आणि देवानंदच्या वहीतली कुलूप काढायची आज्ञा अक्षर अक्षर पाहून टाकली. पडदा क्षणभर काळा झाला. मग ओळ आली.

मी जाऊ का आता?

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने हात मागे घेतले. काहीच टाकलं नाही तर? मशीन तसंच राहील, तो तसाच राहील. पण वर शेठजी बसले होते, चार वर्षं निर्धास्त. सोलापूरहून, राजकोटहून माणसं निघाली होती. तिने डोळे पुसले आणि टाकलं, जा.

उघडली नाही.

जा, आमी बरे हावो.

नाहीच उघडली. तिला असा संताप आला! "खोटं चालत नाही ना तुले? मंग घे खरं," ती मोठ्याने म्हणाली आणि टाकलं, नको जाऊ.

आता तर उघडायचीच नाही, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं.

चावी उघडली. कुलूप निघालं, उघडी चावी नव्या फाइलीत लिहूनही झाली. "थांब, थांब ना!" ती पडद्याला दोन्ही हातांनी धरून म्हणाली. पडद्यावर नुसती रिकामी ओळ लुकलुकत होती.

पियूष आला. त्याने पुण्याहून आणलेलं सर्टिफिकेट दुसऱ्या रूपात बदलून चावीशेजारी ठेवलं, नवं मॉड्यूल चढवलं, मशीन बंद करून सुरू केलं. ते सरळ उठलं.

"वा काकू! आता लाइट गेली तरी आपोआप चालू होईल. तुम्हाला उन्हातान्हाचं धावत यायला नको."

"व्हय," रत्नमाला म्हणाली. "बरं झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी हिरीबाईला भाकर वाढत होती. पंखा थांबला. रत्नमालाने ताट तसंच खाली ठेवलं, चप्पल पायात सरकवली आणि दारापर्यंत गेली.

"जेवन सोडून कुठी चालली वं उनाची?" हिरीबाईने विचारलं.

रत्नमाला चौकट धरून उभी राहिली. थोड्या वेळाने लाइट आली, पंखा फिरू लागला.

"कुठीच नाही माय," ती म्हणाली आणि चप्पल काढली.