पालखीचं माप

मी ब्लाउज शिवते. महाडात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. गेली कित्येक वर्षं मी बायकांना एकच गोष्ट सांगतेय, की मापाला बहिणीचा ब्लाउज आणू नका. जिला घालायचाय तिच्याच अंगाचं माप लागतं. बायका मान डोलावतात आणि पुढच्या खेपेला जावेचा आणतात. त्यामुळे माझ्या नवऱ्याने, सहदेवने, गाडी बांधायला काढली आणि रस्त्याचं माप म्हणून पालखीचं माप मागवलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. राग मात्र आला.

सहदेव मुंबईत गॅरेजमध्ये हात काळे करून परत आला आणि महाडला हायवेच्या कडेला त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं. ही गाडी त्याच्या आईसाठी होती. सासूबाई, म्हणजे रखमाबाई, पोलादपूरकडे कापडे गावाच्या वर आमच्या वाडीत राहायच्या. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात पडवीत पाय घसरला आणि खुबा मोडला. डॉक्टरांनी जोडून दिला, चाला म्हणाले, आणि सासूबाई आमच्या दोन खोल्यांत आल्या त्या राहिल्याच. चालायच्या, पण माझा हात धरून. मी हात वाकवून उभी राहायची, त्या कोपराखाली घट्ट धरायच्या, आणि आमची वरात मोरीपर्यंत जायची. वाटेत त्या माझ्या आमटीबद्दल बोलायच्या. त्यात चांगलं असं काही नसायचं. वॉकर आणून दिला होता. त्याच्यावर त्या लुगडं वाळत घालायच्या.

"मला घरी जायाचा हाय," हे मात्र रोजचं.

अडचण अशी की वाडीत रस्ता जात नाही. डांबर कापड्याच्या थोडं पुढे संपतं, मग ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता पूल, आणि साकवापलीकडे चढाची पायवाट. म्हातारी माणसं डोलीतून ये-जा करतात. सासूबाईंनी डोलीला साफ नकार दिला.

"चार खांद्यांवर मानूस एकदाच जातो," त्या म्हणाल्या. "तवा मला नाय म्हनता येनार नाय. आता येतंय, तर म्हनते."

म्हणून गाडी. जीप त्या वाटेवर शिरत नाही. रिक्षा शिरेलही, पण तीन चाकांवर तसल्या चढाला आडवी होते. कापड्याला एकदा तांदळाच्या गोण्यांसकट झालेली आहे. सहदेवने भंगारातल्या मारुतीचा पुढचा भाग स्टीअरिंगसकट आणला आणि मधून उभा कापून अरुंद केला. मागे मालाच्या रिक्षाचं इंजिन आणि तिचीच दोन चाकं बसवली. ती होती तशीच ठेवली, कारण चाकं फिरवणारा दांडा कापला की पुन्हा नीट जुळत नाही. मधे लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर न्हाव्याच्या दुकानातून निघालेली खुर्ची. कुणाचं काय आणि कुणाचं काय. पासिंगचा प्रश्न नव्हता, कारण रस्ताही सरकारदरबारी नव्हता.

प्रश्न राहिला रुंदीचा. पुढची दोन चाकं जवळजवळ होती, मागची एकमेकांपासून लांब. मागची कुठे अडली तर पुढच्यांच्या सडपातळपणाला काय चाटायचंय, असं मी विचारलं. सहदेवने हैबतीकाकांना फोन लावला. हैबतीकाका त्याचे चुलते, वाडीचे गावकार. देवळाची किल्ली त्यांच्याकडे असते आणि मत सगळ्याच बाबतीत असतं.

"काका, वाटेची रुंदी किती?"

"पालखी जाते," काका म्हणाले.

वाडीत हेच माप चालतं. शिमग्याला देवाची पालखी घरोघर जाते, म्हणून वाटेत कुणी बांध पुढे सरकवत नाही, फांदी वाढू देत नाही, गोठा बांधत नाही. आमची पालखी अंगाने जरा जास्तच आहे. ती जाते म्हणजे सगळं जातं. काकांनी देऊळ उघडून, नारळ ठेवून पालखीला आडवा बांबू लावला, तो तिच्या रुंदीएवढा तोडला आणि एसटीच्या कंडक्टरकडे देऊन महाडला धाडला. सहदेवने तो मागच्या चाकांना लावून पाहिला. चाकं बांबूच्या आत बसली. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

"साकव मोजलात का?" मी विचारलं.

"अगं, दर वर्षी मी स्वतः खांदा देतो. साकवावरूनच जाते पालखी."

"मापाला ब्लाउज आणलात," मी म्हटलं. त्याला कळलं नाही.

भातं झोडून झाली आणि आम्ही निघालो. गाडी टेम्पोत चढवून डांबर संपेपर्यंत नेली. सासूबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. खुर्चीत बसल्या, खुर्ची त्यांच्या वजनाने हळूच खाली गेली, सहदेवने पायाने दट्ट्या मारून पुन्हा वर आणली. वाडीतली झाडून सगळी माणसं साकवाच्या पलीकडे उभी होती. काका ढोल घेऊन आले होते. पुढे गाडी, तिच्या स्टीअरिंगवर सहदेव, मागून मी हातात वॉकर घेऊन. तो मी हट्टाने आणला होता.

पुढची चाकं साकवावर चढली. दोन्ही बाजूंच्या लोखंडी कठड्यांमधून अगदी सुखाने सरकली. ढोल वाजला. मग खाडकन आवाज आला आणि गाडी थांबली. मागची चाकं दोन्ही कठड्यांत अडकली होती. सहदेवने जोर दिला तशी आणखी अडकली. आता मागेही येईना. मी वाकून पाहिलं. चार बोटांचा फरक होता.

"असा कसा?" काका म्हणाले. "पालखी तर जाते."

काकांनी ढोल खाली ठेवला. "ठीक हाय. चौघं पुढं या रे, चौघं मागनं. उचला वर, कठड्याच्या वरनं काढू. साकवावर आपन पालखी उचलतोच की..."

वाक्य तिथेच राहिलं. मला वाटतं, सगळ्यांना एकदमच दिसलं. साकवावर आले की खांदेकरी पालखी हातांवर उंच धरतात, ती कठड्यांच्या वरून जाते आणि माणसं कठड्यांच्या मधून. बापजाद्यांपासून उचलतायत, त्यामुळे साकव अरुंद आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. सहदेव काकांकडे बघत होता. काका ओढ्याकडे बघत होते.

तरी आठ जण पुढे आले. हात सांगाड्याला लागले.

"मी बसलेली असताना कोन उचलतो बघू," सासूबाई म्हणाल्या. हात निघाले. "त्यापरीस डोलीच काय वाईट व्हती?"

मग त्यांनी वर पाहिलं. घर समोर चढावर दिसत होतं, वर्षभरापेक्षा जास्त काळ बंद असलेलं. एवढ्या लांब येऊन, एवढ्या माणसांसमोर, आता परत महाडला न्यायचं या बाईला? मी रोज म्हणत असे, एकदा ह्या घरी जाऊ देत. ते मी अगदी मनापासून म्हणत होते, पण असं नव्हे.

"आई, वॉकर देऊ?" मी मागून विचारलं. वॉकर पुढे देता येईल एवढी जागाच नव्हती.

त्या खुर्चीतून उठल्या. सांगाड्याला धरून पुढच्या चाकाशी उतरल्या. सहदेव उतरून हात द्यायला गेला, तर म्हणाल्या, "सर बाजूला." बाजूला सरायलाही जागा नव्हती. तो उलटा उलटा चालत पलीकडे गेला.

सासूबाई उंच आहेत, हात लांब. त्यांनी डावा हात टाकला तर डावा कठडा मिळाला. उजवा टाकला तर उजवा. क्षणभर त्यांनी दोन्ही हातांकडे पाहिलं. मग चालू लागल्या. माझा हात सवयीने कोपरात वाकलेला, आणि त्या पाठमोऱ्या, माझ्याशिवाय, एकेक पाऊल टाकत चालल्या होत्या. साकव रुंद असता तर त्यांना एकच बाजू मिळाली असती. मला रडू आलं. वॉकर हातात असल्यामुळे पुसताही येईना.

पलीकडे पोचल्यावर त्या म्हणाल्या, "आता उचला तुमची पालखी." रिकामी गाडी आठ जणांनी हातांवर उंच धरून कठड्यांवरून पलीकडे नेली. काकांनी ढोल वाजवला, पण जरा हळू. पुढच्या चढाला मात्र गाडीने काही कुरकुर केली नाही. सासूबाई खुर्चीत बसून घरी पोचल्या.

चार दिवसांनी सहदेवने वाडीतच गाडी कापली. सांगाड्याच्या पाइपांतून दाराच्या उंबऱ्यापासून अंगणातल्या न्हाणीपर्यंत दोन कठडे करायचे ठरले. दोन्हींमधलं अंतर त्याने साकवावर जाऊन स्वतः मोजून आणलं, माझ्या टेपाने.

"उंची किती ठेवू?" त्याने आईला विचारलं. "साकवाएवढीच?"

"नको. तो हाताला खाली पडतो." त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. "गो वैशाली, इकडं ये. उभी ऱ्हा इथं. हात धर, रोज धरायचीस तसा."

मी अंगणात उभी राहिले आणि हात कोपरात वाकवला. सासूबाई उठल्या, नेहमीच्या जागी धरून पाहिलं, मान हलवली.

"ह्या उंचीवर घे," त्या सहदेवला म्हणाल्या. "ह्येची सवय झालीय."

मी आजवर किती बायकांची मापं घेतली असतील, सांगता येणार नाही. माझं कुणी घेतलं नव्हतं. सहदेवने टेपाचं एक टोक माझ्या पायाशी धरलं, दुसरं कोपरापर्यंत आणलं आणि पाइपवर खडूने खूण केली.

"हलू नको गो," सासूबाई म्हणाल्या, "माप चुकल."

मी हलले नाही.