पुट्टीवरचा अंगठा

आईच्या खोलीतली खिडकी तीस वर्षं उघडली नाही. जुनी लाकडी, वरखाली सरकणारी. "लाकूड फुगलंय," बाबा सांगायचे आणि आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलवायचो.

आता आईला कूस बदलली तरी दम लागतो. डॉक्टर म्हणाले, खोलीत वारा येऊ द्या. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, फोडून टाक, नवी बसव." म्हटलं, आधी तुझं डोकं फोडते. फुगलं असेल तर कडा घासायच्या, एवढंच ना!

दोन दिवस रंग खरवडला. फुगलंय कुठलं? चौकट आणि झडप यांच्या फटीतून पोस्टकार्ड सरळ आरपार जात होतं. तरी झडप हलेना. तिसऱ्या दिवशी पटाशी खणकन वाजली. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली खिळा. मग दुसरा. झडपेतून थेट चौकटीत ठोकलेले सहा खिळे.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. "मागच्या मालकानं ठोकले असतील."

चौथ्या खिळ्यावरची पुट्टी अख्खी निघाली. तिच्यावर अंगठ्याचा ठसा होता. लहानसा, मधोमध आडवी चीर. मी माझा अंगठा बघितला. सातव्या वर्षी काचेवर कापलेला. तीच चीर.

मग आठवलं. धाकट्याच्या वेळी आई दवाखान्यात होती. बाबांनी हाक मारली होती, "ये गं बाळे, भोकं बुजवू, मज्जा येईल!" मला तो खेळ वाटला होता.

"बाबा, ही पुट्टी मी भरलीय."

त्यांनी चष्मा काढला. पुसत बसले. "तासन्‌तास तिथं बसायची तुझी आई. समोर कोण राहायचं, विचार तिला."

पलंगावरून आई म्हणाली, एकेका शब्दाला थांबत, "समोर... कोण राहणार? झाड होतं मेलं."

एवढंच. एका झाडापायी त्यानं बायकोला कोंडलं, आणि भोकं लेकीकडून बुजवून घेतली!

पक्कड घेतली, सहाही खिळे उपटले. झडप तोलून धरणाऱ्या दोऱ्या कधीच कुजल्या होत्या. दोन्ही हातांनी ती वर रेटली, खाली लाकडाचा ठोकळा दिला. समोर झाड नव्हतं, कुणाची तरी कोरी भिंत होती. पण वारा आला. आईनं तोंड उघडून तो घेतला, तहानलेल्यानं पाणी प्यावं तसा.

बाबा म्हणाले, "बंद कर ती. गार लागेल तिला."

मी उपटलेल्यांतलाच एक खिळा ठोकून सरळ केला आणि ठोकळा चौकटीला कायमचा जखडून टाकला.

"या बाबा," म्हटलं, "आता पुट्टी तुम्ही भरा."