आज ठेकेदाराला कापायचंच

हे तीन शब्द शिंपी मास्तर बोलले होते, त्याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. शेजारच्या घड्याळवाल्याने ते ऐकले आणि कोर्टात जसेच्या तसे सांगितले. भला माणूस, तिखटमीठ लावलं नाही. पण त्यानंतर तासाभरात मास्तरांची कात्री ठेकेदाराच्या पोटात गेली आणि तिसऱ्या दिवशी तो वारला. आणखी तिखटमीठ हवं कशाला?

ठेकेदाराच्या कोटाची तारीख दोनदा लांबली होती. तो तणतणत दुकानात आला, मास्तरांची गचांडी धरली. मास्तरांनी ढकललं. हातात मोठी कात्री आहे हे त्यांना रक्त दिसल्यावर कळलं. दवाखान्यात त्यांनीच त्याला नेलं.

घाव एकच, कात्री रोजच्या कामाची, जखमीला आरोपीनेच उचललेलं. एवढं मास्तरांच्या बाजूचं होतं. उरला इरादा. ठरवून मारलं असेल तर जन्मठेप, झटापटीत लागलं असेल तर काही वर्षं. आता इरादा काही एक्स-रेत दिसत नाही. तो शोधायला कोर्ट त्या तीन शब्दांपाशी येऊन थांबलं.

तरी मास्तर निर्धास्त होते, कारण साक्षीला त्यांनी दुकानात बरोबर काम करणाऱ्या धाकट्या भावाला बोलावलं होतं. त्यांच्या दुकानात कापडाला गिऱ्हाइकाचंच नाव असायचं. सकाळी डॉक्टरांना कापलं, दुपारी हेडमास्तरांना कापू, नवरदेवाला जरा सैल काप. बाकीचे शिंपी कापड बेततात, पण वडिलांना तो शब्द खपायचा नाही. "बेत काय, कोणीही करतं. कापायला हात लागतो," म्हणायचे. दोघा भावांच्या तोंडी 'बेतणं' कधी आलंच नाही. ठेकेदाराला कापायचं म्हणजे त्याचा कोट कापायचा, हे धाकट्याने एकदा सांगितलं की मिटलं.

मास्तरांच्या वकिलांनी विचारलं, "तुमच्या दुकानात गिऱ्हाइकाला कापतो, असं रोजच म्हणतात ना?"

धाकट्याने रुमालाने मान पुसली. "नाही साहेब. आम्ही कापड बेततो. बेतणंच म्हणतो."

"कापतो, असं कधीच नाही?"

"माणसाला कसं कापतील, साहेब?"

कोर्टात खसखस पिकली. मास्तरांना वाटलं, पायाखालची फरशीच सरकली. ज्याला बोट धरून शाळेत सोडलं, तो हा?

"अरे, माझ्याकडे बघून बोल!" ते ओरडले.

"आरोपीने शांत राहावं," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

धाकट्याने वर पाहिलं नाही. अठरा वर्षं तो म्हणत होता, "दादा, एकदा मोठी कात्री दे ना." अठरा वर्षं मास्तर त्याच्यापुढे काजं-बटणं सरकवत होते. हे मास्तरांना तिथे, त्या पिंजऱ्यात उभं असताना आठवलं. चूक झाली, कबूल. पण तिची शिक्षा एवढी? संताप आला, आणि मग नुसतंच रडू आलं.

सख्ख्या भावाने खोटं बोलावं असं काही कारण दिसत नाही, असं निकालात आलं. इरादा सिद्ध झाला. जन्मठेप.

हवालदार मास्तरांना व्हरांड्यातून घेऊन निघाला. वकील पुढे निघून गेले होते. खांबाशी पाठमोरा उभा राहून धाकटा फोनवर बोलत होता. गळ्यात टेप होती, मास्तरांची.

"नाही हो, दुकान चालूच राहणार. आता मीच बघतो सगळं," तो हसून म्हणाला. "कोटाची काळजी सोडा. उद्या सकाळी पहिल्यांदा तुम्हालाच कापतो."

मास्तर जागीच थांबले. "ऐकलंत?" त्यांनी हवालदाराचा हात घट्ट धरला. "ऐकलंत ना, काय म्हणाला?"

"ऐकलं की. शिंपी आहे, कोट कापणार," हवालदार म्हणाला. "चला आता, गाडी थांबलीय."