एकाहत्तरनंतरचा आकडा

“भावोजी, एकाहत्तर! तुमच्याच हातचा आकडा आहे, आता मागे सरू नका,” मेहुणा म्हणाला आणि शर्यतींचे साप्ताहिक त्याने माझ्या ताटाशेजारी आपटले.

त्या साप्ताहिकासाठी घोड्यांचे आकडे मी काढतो. घोड्याने घेतलेली वेळ, पाठीवरचे वजन, मैदान ओले होते की कोरडे, हे सगळे धरून प्रत्येक धावेला एक आकडा द्यायचा. जितका मोठा, तितकी धाव चांगली. घोड्यांच्या जवळ मात्र मी जात नाही. मला त्यांची भीती वाटते.

मेहुण्याच्या तबेल्यातली म्हातारी घोडी बरीच वर्षे पासष्टच्या आसपास रेंगाळत होती. गेल्या शर्यतीत अचानक एकाहत्तर. येत्या रविवारी चषकाच्या शर्यतीत तिला उतरवावे का, हे विचारायला तो आला होता. घोडे तयार करता करता त्याचे केस पिकले, पण चषक काही घरात आला नव्हता.

“कोवळ्या घोड्यानं अशी उडी मारली तर तो वाढतोय म्हणायचं,” मी म्हणालो. “म्हातारीनं मारली, तर होतं नव्हतं ते सगळं ओतलंय तिनं. पुढचा आकडा पडतो. बहुतेक.”

“बहुतेक?”

“म्हणजे… तसं सांगता येत नाही.”

“मुलगी पसंत आहे का विचारलं, तेव्हाही हेच म्हणाला होतात,” बायको वाढता वाढता म्हणाली. “अहो, तो तुमच्या भरवशावर आलाय. एकदा तरी सरळ बोला.”

मी चष्मा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

“उतरवू नकोस,” मी म्हणालो. “दमलीय ती. पळवलीस तर पायावर बेतेल.”

माझ्याच आवाजाची मला धास्ती वाटली. मेहुण्याने पेल्यातले पाणी संपवले.

“ठरलं मग.”

रविवारी चषक एका सुमार घोड्याने जिंकला. मी त्याचा आकडा काढला. त्रेसष्ट. काहीतरी चुकले असेल म्हणून पुन्हा काढला. त्रेसष्टच. म्हातारी नुसती नेहमीसारखी धावली असती, तरी चषक मेहुण्याचा होता.

मला जेवण गेले नाही. सकाळी उठून मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तबेल्यात गेलो. तो म्हातारीला खरारा करत होता.

“अरे, कालचा आकडा…”

“मीही काढला. तुमच्यासारखा नाही जमत, पण काढला.” त्याचा हात थांबला नाही.

“मग माझं चुकलंच की.”

“ते कसं कळणार? न धावलेल्या घोडीचा आकडा तुम्ही तरी कुठून काढणार?” तो खाली वाकून तिच्या पायावरून हात फिरवू लागला. “एकाहत्तर धावून आली आणि तिनं खाणंच टाकलं होतं. काल कुठे सगळं खाल्लं.”

“म्हणजे दमलीय हे तुला ठाऊक होतं? मग मला कशाला विचारलंस?”

“कुणीतरी नको म्हणायला हवं होतं ना, भावोजी. माझ्या तोंडून निघत नव्हतं.”

तेवढ्यात घोडीने मान वळवली आणि आपले जडशीळ डोके माझ्या खांद्यावर ठेवले. मी जागीच थिजलो.

“काही करत नाही ती.”

“नक्की?”

“बहुतेक,” मेहुणा म्हणाला आणि पुन्हा खरारा करू लागला.

तिचा ऊन ऊन श्वास मानेवर येत होता. तिने आपणहून डोके उचलेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.